निजलेल्या महालाचे थावराकाका

"महाल कुठं आहे?" असं मी विचारलं, तेव्हा थावराकाकांनी दगडी कोठीचं दार ढकललं, आत छतापर्यंत रचलेल्या लाकडांकडे हात केला आणि म्हणाले, "हा काय. निजलाय."

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. हिंगोलीहून सकाळची एसटी धरून मी डोंगरकड्याला उतरले होते, तिथून उन्हात तांड्यापर्यंत चालत आले होते. मनात घुमट, कमानी, निदान एखादा पडका बुरूज तरी धरून होते. बांधकामाच्या कार्यालयात मी ट्रेसर. साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो गिरवायचा, एवढंच माझं काम. पण हिंगोली जिल्हा नुकताच परभणीतून वेगळा झाला होता, माणसं अपुरी होती आणि नव्या जिल्ह्याला पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं. म्हणून साहेबांनी माझ्याच हाती टेप देऊन सांगितलं होतं, "राजवाड्याची मापं घेऊन या." आणि राजवाडा म्हणून माझ्यासमोर होता वखारीत असतो तसा सागवानाचा ढीग.

काकांनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. मला बरं वाटलं. सरकारी माणसाला कुणीतरी मान दिला. पण त्यांनी ती खाली ठेवली नाही. हातात धरून दोनदा वरखाली केली आणि विचारलं, "हिचा जोडीदार कुठाय?"

"कसला जोडीदार?"

"दुसऱ्या अंगाला काही न्हाई? एवढा भार एकाच खांद्यावर घेऊन चालून राहिल्या, म्हून तुमची मान वाकडी हाय, बाई."

माझी मान खरंच वाकडी होती. वर्षानुवर्षं ड्रॉइंग बोर्डावर वाकून ती तशी झाली होती, पण पहिल्याच भेटीत ते बोलून दाखवायची काही गरज नव्हती.

पुढे कळलं की उचलून पाहिल्याशिवाय काकांना जगातली कुठलीच वस्तू कळत नसे. कलिंगड असो, पाण्याची घागर असो की शेजारणीचं रांगतं पोर असो, आधी उचलायचं, डोळे बारीक करायचे आणि मगच मत द्यायचं. आमच्या साहेबांची जाडजूड फाइल त्यांनी एकदा अशीच तोलली आणि गंभीरपणे म्हणाले, "साहेब, यातलं निम्मं बिनकामाचं हाय." साहेब खो खो हसले, कारण ते अगदी खरं होतं.

साठी ओलांडलेला, उंच, काळासावळा माणूस. पांढरं धोतर, लाल पागोटं, कानात चांदीची बाळी. सरकारदरबारी ते कोठीचे चौकीदार होते. पण तुम्ही त्यांना चौकीदार म्हटलंत तर ते ऐकूच आलं नाही असं दाखवायचे. "आमी राखणारे न्हाई," ते म्हणत, "आमी पोचवणारे."

त्या पोचवण्याची गोष्ट मला तुकड्यातुकड्यानं कळली. हैदराबादच्या राजवटीत कुण्या हुजुरांना दौऱ्यावर तंबूत झोपायचा कंटाळा आला आणि त्यांनी महालच सोबत न्यायचं ठरवलं. पदरी एखादा फिरंगी कारागीर असावा. शहरातून आलेले सल्लागार म्हणाले की युरोपातल्या राजवाड्यांत बरोक नावाची शैली असते, सगळी वळणावळणाची, फुगीर पानाफुलांची. तिचाच हा सागवानी अवतार. महालाचे सुटे भाग बैलांवर लादून तांडा पुढे निघायचा. हुजूर मुक्कामी पोचायच्या आत महाल उभा असायचा आणि ते निघाले की पुन्हा उतरवून पुढच्या मुक्कामाला. एका वर्षी तांड्यानं इथे येऊन कोठीत लाकूड उतरवलं आणि निरोप आला की दौरा लांबलाय, हुजूर येईपर्यंत सांभाळा. हुजूर आले नाहीत. राजवट गेली, बैलांवर माल वाहायचा धंदाही गेला. तांड्यातली माणसं शेती करू लागली आणि कोठीची किल्ली बापाकडून लेकाकडे येत राहिली. महाल उभा असलेला पाहिलेलं माणूस हयात नव्हतं. थावराकाकांनीसुद्धा तो कधी पाहिला नव्हता.

साहेबांना वरून आलेला हुकूम साधा होता. उन्हाळा संपता संपता सल्लागार पाहणीला येतील. तोवर महाल पूर्ण उभा राहिला, सगळा मूळच्या लाकडात, तर तो इथेच राहील. नाहीतर कोरीव भाग शहरातल्या संग्रहालयात जातील आणि कोठी बंद होईल. मी हे काकांना वाचून दाखवलं, तेव्हा ते पहिल्यांदा चिडलेले दिसले.

"तुकडे नेणार? मानसाचा हात एका गावाला अन् पाय एका गावाला ठेवतेत व्हय? आमच्या वाडवडलांनी अख्खा माल उचललाय बाई. अख्खाच पोचला पाहिजे."

अख्खा म्हणजे कसा, हाच तर प्रश्न होता. नकाशा नव्हता. चारशेच्या वर लाकडं आणि कुठलं कुठे जातं हे कुणालाच ठाऊक नाही. मी आठ दिवस मापं घेतली आणि एवढंच शोधून काढलं की सात फुटांहून लांब एकही लाकूड नाही. सल्लागारांनी त्यावर युरोपातल्या कुठल्याशा पद्धतीचं नाव सांगितलं. मी काकांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"बैल केवढा असतो, बाई?"

मग त्यांनी मला खाली बसवलं आणि एका लाकडाच्या पोटाशी कोरलेली नखाएवढी चंद्रकोर दाखवली. "हे चांद्याचं. एक डावं, एक उजवं, भार बराबर. दोन्ही अंगांना सारखा भार नसंल तर बैलाची पाठ सोलते." कोठीच्या उंबऱ्यावर बसून, डोळे मिटून त्यांनी बैलांची नावं म्हणायला सुरुवात केली. हांसा, मोत्या, चांद्या, पवळ्या... आजोबांनी वडिलांना शिकवलेली, वडिलांनी त्यांना. मेलेल्या बैलांची ही रांग कुणी कशाला पाठ करून ठेवील, असं माझ्या मनात आलं आणि तेवढ्यात काका म्हणाले, "पुढचा बैल आधी पोचतो. म्हून आधी लागंल ते त्याच्या पाठीवर. जोतं हांसाकडं. खांब मोत्याकडं. नक्षीचं काम सगळ्यात मागं."

महालाचा नकाशा हरवलेला नव्हताच. तो बैलांच्या रांगेत होता आणि ती रांग या माणसाच्या तोंडात होती.

मग मी नकाशावर आकडे घालायचं सोडून दिलं. साहेबांनी कागद हातात घेतला आणि चष्मा वर केला. "मोत्या डावा? हे काय आहे?"

"खांब आहे, साहेब. मोत्याच्या डाव्या अंगाचा."

"आणि हा मोत्या कोण? आपल्या आस्थापनेवर आहे का?"

पण त्यांनी तो कागद परत केला नाही, तसाच मंजूर केला.

कोरीव टोकांना वाटेत धक्का लागू नये म्हणून गवत-मातीचा लेप दिलेला होता. तो भिजवून काढायचं नाजूक काम मी मागून घेतलं. पहिल्याच टोकावर ओलं फडकं फिरवत होते, तर मागून काका म्हणाले, "हळू बाई. तिथं नाक हाय."

माती निघाली आणि खरंच एक नाक वर आलं. मग गाल, मग कुरळे केस, मग गळ्याच्या दोन्ही बाजूंना पंख. गुटगुटीत, पंखवालं बाळ. सुतार, बायका, पोरं सगळी बघायला धावली. मी मात्र काकांकडे बघत होते. लेप माझ्यासमोर पहिल्यांदाच निघत होता. मग आत नाक आहे हे यांना कसं ठाऊक?

माझं माहेर औंढ्याचं. वडील देवळातल्या पूजाअर्चेत. आई म्हणायची, ही कार्टी देवासमोर हात जोडते आणि डोळे मात्र देवाच्या मागे काय आहे ते शोधत असतात. ती खोड गेली नाही. मी काकांची बैलांची रांग पुन्हा पुन्हा ऐकू लागले आणि माझ्या लक्षात आलं की पवळ्यानंतर ते दर वेळी अडखळतात. तिथे एक नाव होतं, गरजा. ते पुटपुटून पुढे ढवळ्यावर जायचे. गरजाची खूण तीन रेघांची. तशी खूण असलेली कोरीव तुळई ढिगात एकच निघाली, तीच पंखवाल्या बाळाची, डाव्या अंगाची. उजवी नव्हतीच.

"गरजाचं दुसरं लाकूड कुठं आहे, काका?"

"गरजा वाटंत मेला."

"मग त्याची डावी तुळई इथवर आली कशी?"

"घाई काहून करून राहिल्या, बाई? पुढलं मापा."

चैत्रात महाल उठायला लागला. खिळा एकही नाही, सगळ्या खाचा आणि खुंट्या. कळमनुरीचे दोन सुतार वर चढलेले, काका खाली उभे राहून नावं पुकारताहेत आणि हाकेसरशी एकेक लाकूड वर जातंय. जोतं, खांब, कमानी, कमानींवर लाकडी वेलींची वेटोळी. बायका डोक्यावरच्या घागरी तशाच ठेवून उभ्या राहत. नुसत्या नावानं ओळखीचा असलेला कुणी पाहुणा पहिल्यांदा घरी यावा, तसं सगळा तांडा त्याच्याकडे बघत होता.

वरच्या सज्जापाशी काम अडलं. सज्जा दोन तुळयांवर बसायचा. गरजाची डावी तुळई डावीकडे चपखल बसली, उजवीकडे भोक राहिलं. ती तुळई नाही तर सज्जा नाही, सज्जा नाही तर छप्पर नाही. नवी करून घालावी असं साहेबांनी पत्र पाठवलं. उत्तर आलं, मूळचं लाकूड नसेल तर महाल अपूर्ण धरला जाईल. पाहणीला बारा दिवस उरले होते.

त्या दिवसापासून काका कशालाच हात लावीनात. मी डबा उघडला तरी तो उचलून पाहीनात. मग दोन दिवस आलेच नाहीत. ताप आला असेल म्हणून मी त्यांच्या घरी गेले.

घर तांड्याच्या टोकाला. एकच लांबट खोली, मातीच्या भिंती, वर कौलं. काका शेताकडे गेले होते. त्यांच्या बायकोनं, सोनाकाकूंनी, चहा टाकला. मधल्या झोळीत नात झोपली होती. काकू एका हातानं झोळीला झोका देत बोलत होत्या आणि मी आपली खोडीप्रमाणे झोळीची दोरी वर कुठे बांधलीय ते बघत गेले. दोरी धुरानं काळ्याकुट्ट झालेल्या तुळईला बांधली होती. तुळईच्या टोकाला एक काळं, गुटगुटीत तोंड होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पंख.

मी हातातली बशी खाली ठेवली. काकूंनी माझी नजर पाहिली आणि अगदी सहज म्हणाल्या, "ते व्हय? पासंगाचं लाकूड हाय ते. यांच्या आज्यानं बसवलं."

"पासंगाचं?"

"दोन्ही अंगांचा भार जुळला न्हाई तर हलक्या अंगाला काहीबाही बांधतेत. दगूड म्हना, लाकूड म्हना. माल उतरला की पासंग ज्यानं वाहिला त्याचा. तशी रीतच हाय आमची. वाटंत बैल मेला तवा त्याचं ओझं दुसऱ्यांवर वाटलं म्हनं, त्यात हे आलं. याच्यावर मातीचा मोठा गोळा व्हता, खूण का नक्षी हाताला लागत नव्हती. आज्याला वाटलं, पासंगच हाय."

"मग हे तोंड?"

काकूंचा हात झोक्यावर थांबला. "माझं लगीन झालं त्या साली माती गळून पडली अन् हे लेकरू दिसलं. यांनी चार दिवस अन्न घेतलं न्हाई. काहून म्हून विचारलं तर सांगंनात. मीबी मग सोडून दिलं."

चहा कसाबसा संपवून मी निघाले. चाळीस वर्षं या माणसानं रोज रात्री झोपताना तो चेहरा पाहिला होता. सांगावं तर घराचं छप्पर जातं, आजोबांचं नाव जातं, चौकीदारी जाते, वर चोरीचा ठपका. न सांगावं तर माल कधीच अख्खा पोचत नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी साहेबांनाही काही बोलले नाही. बोलले नाही हे बरोबर की चूक, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"काल घरी आलत्या. वर पाहिलं?"

"पाहिलं."

"साहेबाला सांगितलं?"

"नाही."

"काहून?"

"तुमचं घर आहे ते, काका."

त्यांनी डोक्यावरचं पागोटं घट्ट केलं. मग म्हणाले, "घर माझं हाय. तुळई माझी न्हाई." आणि आले तसे परत गेले. मी टेप तिथेच टाकून त्यांच्या मागे धावले.

मी पोचले तेव्हा ते कौलांवर चढले होते. थोरला मुलगा खालून ओरडत होता, "एका लाकडापायी घर मोडता का, बा? लेकरू कुठं निजवायचं?" काका एकेक कौल उतरवून खाली देत होते. "लाकूड न्हाई रे. माल हाय," एवढंच म्हणाले. सगळा तांडा जमला होता.

सोनाकाकू आतून बाहेर आल्या. त्यांनी नात मुलाच्या हातात दिली, झोळी सोडून तिची घडी घातली आणि वर बघून म्हणाल्या, "चाळीस वर्सं एकल्यानंच काहून उचललं? मी व्हते ना दुसऱ्या अंगाला."

काकांनी हातातलं कौल बाजूला ठेवलं. मग पागोट्याच्या टोकानं त्यांनी तोंड पुसलं. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. थोड्या वेळानं मुलगाही शिडी लावून वर गेला.

तुळई आणली तेव्हा साहेब महालापाशीच होते. "ही कुठून आली?"

"माझ्या घरातून," काका म्हणाले. "चोरी लिवायची असंल तर लिवा. माझ्या आज्याची चूक झाली अन् मी ती झाकली. आज्याला मातीनं फसवलं, मला कुनीच फसवलं न्हवतं."

नोंदवहीचा कारभार माझ्याकडे होता, म्हणून साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवलेल्या मी, त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या मनानं एक ओळ लिहिली: 'तुळई, गरजा उजवी. तांड्यात सुस्थितीत जतन केलेली.' साहेबांनी ती दोनदा वाचली आणि खाली सही ठोकली. तो माणूस मला फार आवडला त्या क्षणी.

तुळई वर चढली. सुतारांना धास्ती होती की इतकी वर्षं छपराचा भार घेऊन ती वाकली असेल. पण खाचेत खाच बसली, खुंटी ठोकली आणि तोवर जरा जरा डुलणारा सगळा सांगाडा एकदम गप्प उभा राहिला. आठ दिवसांत सज्जा आणि छप्परही झालं. सल्लागार आले, दिवसभर फिरले, एक पंखवालं बाळ पिवळंधमक आणि दुसरं धुरानं काळं का, असं त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं. काळं बाळ तसंच राहू द्या, असा शेरा त्यांनी मारला. महाल इथेच राहिला.

काकांनी कोठीची किल्ली साहेबांच्या हातात ठेवली. "घ्या. पोचलं," म्हणाले. चौकीदारी पुढे चालवा म्हणून साहेबांनी खूप सांगितलं. काकांनी हात जोडले. "आता दुसरं मानूस बघा. माझं काम झालं."

त्यानंतर पाच-सहा वर्षं ते होते. एका हिवाळ्यात गेले. मी कामानिमित्त नांदेडला निघाले होते, वारंगा फाट्यावर एसटी बदलताना त्यांचा मुलगा भेटला आणि तेव्हा मला कळलं. फाट्यावरच्या त्या गर्दीत, भज्यांच्या गाड्याशेजारी, मी मोठ्यानं रडले. लोक बघत होते, बघू दे म्हटलं.

पण थावराकाका म्हटलं की मला आठवतो तो महाल पूर्ण झाल्यानंतरचा पहिला रविवार. त्यांचं घर उघडं पडलेलं, संसार ताडपत्रीखाली. त्यांनी मला नव्या घराचा नकाशा काढून मागितला होता; मी कुणाचा न गिरवता काढलेला तो पहिलाच नकाशा. तो घेऊन गेले तर काका छातीइतक्या खोल चरात उभे राहून खणत होते. तांड्यात जुन्या घरांना पाया नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. भिंती सरळ जमिनीवर उभ्या. हुजुरांचा निरोप आला की माल लादून दुसऱ्या दिवशी निघता यावं, म्हणून कुणी कधी पाया खणलाच नव्हता.

"काका, एका खोलीला एवढा खोल पाया?"

त्यांनी पहार चराच्या कडेला टेकवली, कपाळावरचा घाम पुसला आणि वर माझ्याकडे बघून हसले.

"आता कुठं जायाचं हाय, बाई?"